वहीत 412 माळा बाकी

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. ताईंचं वय 43. घरचं पाच एकर वावर, त्यात कापूस आणि तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. मागच्या रामनवमीला ताईंनी संकल्प सोडला: मुलगा भरती होईपर्यंत 'श्रीराम जय राम जय जय राम' या मंत्राच्या रोज 11 माळा. त्याच सुमाराला बहिणीने त्यांना मोबाइलवरच्या एका जपाच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथे रोज रात्री प्रत्येकीने आपल्या माळांचा आकडा टाकायचा, एक बाई त्याची बेरीज करतात. सगळ्यांचा मिळून 13 कोटी जप पुरा करायचा आहे.

दिवाळीपर्यंत सगळं जमलं. पाळीच्या चार दिवसांत सासूबाई माळेला हात लावू देत नाहीत. त्या 44 माळा ताई पुढे पहाटे उठून भरून काढायच्या. मग कापूस फुटला. आधी आपल्या वावरात वेचणी, नंतर दुसऱ्यांच्या वावरात किलोमागे मजुरीने. नखांच्या कडा सोलवटल्यात, भेगाळलेल्या अंगठ्यात माळेचा दोरा अडकतो. रात्री तीन-चार माळा होतात, त्यातही मणी सुटल्याचा संशय आला की ती माळ पुन्हा पहिल्यापासून. राहिलेल्या माळा त्या वहीत लिहून ठेवतात. पत्र लिहिलं त्या रात्री बाकी 412 होती.

पत्राला एक वेगळा कागद जोडलेला आहे. त्यावर दोन गोष्टी आहेत. ग्रुपवर त्या अजूनही रोज '11' असंच टाकतात. आणि मुलगा मैदानी चाचणीत चांगला निघाला, लेखीत थोडक्यात राहिला. 'मले वाटते, माह्या खोट्या आकड्यानंच माह्यं पोरगं राह्यलं. आता माळ हातात घ्याले भेव वाटते आन् ठिवून द्यालेही. काय करू?'

ताई,

तुमच्या वहीचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. तेरा अक्षरी मंत्र घाई न करता म्हटला तर एका माळेला साडेपाच मिनिटं लागतात. घड्याळ समोर ठेवून बसले होते. म्हणजे 412 माळांना जवळजवळ 38 तास. न झोपता, न जेवता, चुलीकडे न बघता दीड दिवस. रोजच्या 11 माळांचा एक तास वेगळा, आणि पुढच्या महिन्याच्या 44 दारात उभ्याच आहेत. वेचणी संपायला अजून अवकाश आहे. ही बाकी फिटायची नाही, हे तुम्हालाही कळलेलं आहे. नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतं?

आपल्याकडच्या घरांना असा हिशेब नवा नाही. सोसायटीचं कर्ज थकलं की मार्चअखेर कुठूनतरी रक्कम उभी करायची, भरायची, लगेच तीच परत उचलायची. नवंजुनं. तुम्ही रामनामाचंही नवंजुनं करत आलात: पाळीतल्या माळा पुढच्या आठवड्यावर, त्या आठवड्यातल्या त्याच्या पुढच्यावर. फरक इतकाच, की सोसायटी सातबारा मागते आणि पैसे हातावर ठेवते. रामाने तुम्हाला काय उचल दिली होती? वहीच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूला काय लिहिलंय, जरा उघडून बघा. मला वाटतं तिथे काही नसेल. तुम्ही म्हणाल, पोराची नोकरी मागितली होती ना. मागितली होती, पण मिळालेली नाही. म्हणजे माल घरात आलेला नाही आणि हप्ते मात्र थकले म्हणून तुम्ही रात्र रात्र जागता.

गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला' हे नाव त्यांनी महाराष्ट्रभर पोचवलं आणि त्याच कीर्तनात उभे राहून लोकांना सांगितलं की सावकाराचं कर्ज काढू नका. गावात पाऊल टाकलं की आधी खराटा, संध्याकाळी नाव. त्या माणसाने जपाची वही ठेवली असेल, असं काही मला वाटत नाही.

आता संकल्पाचं. मी तो शब्द हलका करत नाही. बोललेलं पाळावं, हे आपल्या घरांत लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं आणि ते चांगलंच आहे. पण तुम्ही तो सोडला कधी, ते बघा. रामनवमीला, चैत्रात. तूर निघालेली, कपाशीच्या वाळल्या पराट्या उपटून झालेल्या, वावर रिकामं पडलेलं. चैत्रात माणसाचा हात मोकळा असतो आणि मन मोठं झालेलं असतं. 11 काय, 21 माळाही थोड्याच वाटतात. कार्तिकात ओटी बांधून पराटीत वाकणारी बाई त्या दिवशी तिथे नव्हती. तिला न विचारता चैत्रातल्या बाईने तिच्या नावावर सही करून टाकली. अशी सही दुसऱ्या कोणी केली असती तर तुम्हीच म्हणाला असता, 'हे काही खरं नाही बाप्पा.'

तरी आकड्याची बाजूही ऐकून घेऊ, कारण ती अगदीच फोल नाही. समर्थ रामदास नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं राहिले आणि याच तेरा अक्षरी मंत्राचा त्यांनी 13 कोटी जप केला, असं परंपरा सांगते. तुमच्या ग्रुपचा आकडा तिथून आलेला आहे. रोज 11 माळा म्हणजे 1,188 वेळा मंत्र. या गतीने एकट्या बाईला 13 कोटी गाठायचे म्हटले तर तीनशे वर्षं लागतील. म्हणून शंभर बायांनी मिळून करायचं, ही कल्पना मला आवडते. सप्ताहात पहारा वाटून घेतात तसंच हे. आकड्यामुळे बसायची सवय लागते, 'आज राहू दे' म्हणणाऱ्या मनाला वेसण राहते. तुम्ही चैत्रापासून दिवाळीपर्यंत एकही माळ बाकी ठेवली नाहीत, यात आकड्याचा वाटा आहेच.

आणि याच्या शेजारीच हरिपाठाचा पहिला अभंग आहे. तुमच्याही गावात कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा होत असेल, संध्याकाळी देवळात हरिपाठ होत असेल. 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी.' गणना कोण करी, असं ज्ञानदेव विचारतात, आणि ती ओळ टाळावर घोळवून घरी आलेली माणसं रात्री दिव्याखाली वही उघडतात. मी हसत नाहीये. मीही त्यातलीच.

एका यात्रेतून मी बोटात घालायचं ते छोटं काउंटर आणलं होतं, बटण दाबलं की आकडा पुढे जातो. अमरावतीच्या एसटीत खिडकीशी बसून सुरुवात केली. बडनेऱ्याच्या अलीकडे बघितलं तर दोन हजारांच्या वर गेलेलं. फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की गेला अर्धा तास मी नुसतं बटण दाबत होते. डोक्यात नणंदेशी भांडण चाललं होतं, आणि प्रत्येक टोमण्याला अंगठा आपसूक खाली जात होता. त्या दोन हजारांतले निदान बाराशे तरी नणंदेच्या नावावर जमा झाले असतील.

आकडा हा धुऱ्यासारखा, म्हणजे वावराच्या बांधासारखा आहे, असं मला वाटतं. वखर भलतीकडे जाऊ नये म्हणून धुरा हवा. पण पीक धुऱ्याच्या आत येतं. (धुऱ्यावर कोणी अंबाडी लावतं, ते सोडा.) तुमचं आत्ता असं झालंय की दिवसभर धुराच घालणं चाललंय आणि आत पेरणी नाही.

मणी सुटल्याचा संशय आला की माळ पहिल्यापासून, या सवयीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण वाचणाऱ्या अनेकींना ती असणार. माळेत मणी 108 असतात, पण जुनी माणसं एक माळ शंभराचीच धरतात. वरचे आठ चूकभुलीचे. जांभई आली, पोरगं रडलं, मणी घसरला, तर त्यासाठी आधीच जागा सोडून ठेवलेली आहे. माळ करणाऱ्याने तुमची चूक गृहीत धरून ती गुंफली आहे. तेव्हा आजपासून मागे फिरणं बंद. संशय आला तरी पुढचाच मणी. पहिले काही दिवस जिवाला चुटपुट लागेल, लागू द्या. पुन्हा पहिल्यापासून केलं की संशय फिटत नाही, उलट दुसऱ्या रात्री आणखी लवकर येतो. हे तुम्हीच दोन महिने बघितलं आहे.

तुम्ही मध्येच एका ओळीत लिहून गेलात की ओठ रामराम करतात आणि डोक्यात किलो चालतात. चालणारच. किलोवर मजुरी आहे. मन दुसरीकडे असताना घेतलेलं नाव वाया जातं का, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि दोन्ही बाजूंना मोठी माणसं उभी आहेत. मला तो वाद सोडवता येत नाही. एक साधी युक्ती मात्र माहीत आहे: मन फार पळायला लागलं की नाव आपल्याच कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणायचं. शास्त्रात जपाचे तीन प्रकार सांगितलेत: मोठ्याने म्हणायचा वाचिक, ओठांतल्या ओठांत उपांशु आणि मनातल्या मनात मानस. मनुस्मृती त्यांना चढत्या पायऱ्या मानते, मानस सगळ्यात वर. पण दिवसभर वाकून आलेल्या बाईने वरच्या पायरीवर बसायचा हट्ट धरला की तिला तिथे झोप लागते. खालच्या पायरीवर बसा. मोठ्याने म्हणा. घरात ऐकू गेलं तर जाऊ द्या.

दळता कांडता देवाला गाईन, असं जनाबाई म्हणून गेली आणि तेव्हापासून कामकरी बायांना हे वाक्य ऐकवायची पुरुषांना सवय लागली आहे. 'काम करता करता नाव घ्या, वेळ कशाला वेगळा लागतो?' सांगणाऱ्याने सहसा जातं ओढलेलं नसतं आणि कापूसही वेचलेला नसतो. जात्याला फिरायची लय आहे, डोळे मोकळे असतात. वेचणीत डोळा बोंडावरून हलवता येत नाही, वाळलेल्या बोंडाची टोकं नखात शिरतात, काडीकचरा आला तर तोलताना बोलणी बसतात. तिथे अखंड नाम जमत नाही म्हणून स्वतःला कोसू नका. दुसरी कामं आहेत, ज्यात नाव आपोआप बसतं. वावरात जाता-येताची वाट. पोळ्या लाटणं. पाणी भरणं. निंदणाचे दिवस. शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची असते त्या आठवड्यात नवऱ्यासोबत मोटरीवर जाऊन बसावं लागतं, ते तास. वेचणीत नाव हवंच असेल तर पात, म्हणजे वेचायला घेतलेली ओळ, धरताना एकदा, ती संपली की एकदा. दिवसाच्या किती पाती होतील? जितक्या होतील तितक्या. त्या वहीत लिहायच्या नाहीत.

आता तो वेगळा कागद.

ग्रुपवर खोटा आकडा टाकता, हे तुम्ही मला सांगितलंत, नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. म्हणजे 412 पेक्षाही या रोजच्या 11चं ओझं जास्त आहे. पहिल्या दिवशी काय झालं असेल, मी डोळ्यांसमोर आणू शकते. रात्रीचे नऊ, अंग ठणकतंय, ग्रुपवर खाली खाली आकडे येतायत: 11, 16, 21, कोणाचे तर 51. आपल्याच नावासमोर 3 लिहायचं? उद्या भरून काढू, असं म्हणून 11 लिहिलं. तुम्ही देवाला फसवलं नाही, ताई. तुम्ही बायांपुढे लाजलात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण दोन महिन्यांत तुमच्या मनात त्या एक झाल्यात.

रस्ते तीन दिसतात. सगळ्यांपुढे कबुली द्यायची. ते मी सुचवणार नाही. त्यातून ग्रुपवर चर्चेला विषय मिळेल, पन्नास हात जोडलेली चित्रं येतील आणि तुम्हाला आठवडाभर झोप लागणार नाही. दुसरा रस्ता, गुपचूप ग्रुप सोडायचा. हा सोपा आहे, पण मग बहीण विचारेल आणि तिथे पुन्हा काहीतरी खोटं सांगावं लागेल. तिसरा मला बरा वाटतो: आज रात्री जितक्या झाल्या तितक्या टाकायच्या. 2 तर 2. खाली काही खुलासा लिहायचा नाही. बेरीज करणाऱ्या बाईंना मात्र वेगळा फोन करायचा, 'वेचणीच्या दिवसांत माझ्या आकड्यात गडबड झाली, माझे चारेकशे कमी धरा.' एवढं एकच वाक्य. 13 कोटींच्या बेरजेला त्याने काही होत नाही आणि तुमची मान मोकळी होते. माझा अंदाज सांगू? तुमचा 2 बघून आणखी दोघी-तिघी हळूच आपला खरा आकडा टाकतील.

असे ग्रुप चालवणाऱ्या बायांनाही सांगते. तुमचा हेतू चांगला आहे. पण खेड्यातल्या बाईचा हंगाम तुमच्या तक्त्यात नसतो. 'आज झालं नाही' असं लिहायला एक रकाना ठेवा, आणि तो रिकामा राहिला तरी कोणाला आठवण करून देऊ नका. जमलं तर माणसागणिक आकडा मागूच नका.

मुलाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या माळांमुळे तो राहिला असं तुम्ही म्हणता, तेव्हा त्याची 1600 मीटरची धाव, गोळाफेकीसाठी केलेला सराव, पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर पळणं, हे सगळं तुम्ही नकळत पुसून टाकता. मैदानी तो निघाला ते त्याच्या पायांवर. राहिला तो लेखीत, जिथे गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान असतं. त्याला एकदा विचारलंत का, मार्क कशात गेले? बहुतेक पोरांचे गणितात नाहीतर व्याकरणात जातात, आणि त्यावर उपाय आहे. मैदानाला देतो त्यातला एक तास टेबलाला द्यावा लागतो. जागा किती निघाल्या, कटऑफ कुठे लागला, यावरही पुष्कळ अवलंबून असतं आणि ते त्याच्या हातात नाही. तुमच्या तर नाहीच. वय उलटायच्या आत आणखी किती भरत्या सापडतील, मधल्या काळात दुसरं काय करता येईल, हे त्याच्याशी एकदा जेवताना बोला. त्याला ठाऊक असेल की माय आपल्यासाठी माळा ओढतेय. अशा पोरावर दोन ओझी असतात, एक पेपरचं आणि एक मायच्या माळांचं. दुसरं तरी तुम्ही उतरवू शकता. 'मी नाव माझ्यासाठी घेते, तुझ्या भरतीशी त्याचा हिशेब नाही,' हे त्याला एकदा मोठ्याने सांगा. सांगताना ते खरं नसलं तरी सांगा. कदाचित तुम्हाला स्वतःलाच ते ऐकायची गरज आहे.

चार दिवसांची गोष्ट. पाळीत बाई अपवित्र होते, हे मला मान्य नाही. पण मी माझ्या घरात लिहितेय आणि तुम्हाला सासूबाईंच्या चुलीवर स्वयंपाक करायचा आहे, तेव्हा भांडा असं सांगून मोकळी होत नाही. एक आधार देते. कलिसंतरण नावाचं एक छोटं उपनिषद आहे. त्यात नारद ब्रह्मदेवाला नामाचा विधी विचारतो आणि ब्रह्मदेव सांगतो की याला विधी नाही. शुद्ध असो, अशुद्ध असो, कधीही म्हणावं. तेव्हा माळ खुंटीला राहू द्या, सासूबाईंचा मान राहील. जिभेला खुंटी नाही. चार दिवस माळेशिवाय, मोजल्याशिवाय नाव घ्या. मला तर वाटतं, या चार दिवसांत तुम्हाला नामाची खरी चव लागायची शक्यता जास्त, कारण मोजायला हातात काहीच नसेल. आणि 44 माळा पुढे ओढायच्या नाहीत, हे आलंच.

मग रोजचं काय ठेवायचं? सगळं सोडून द्या, असं मी म्हणणार नाही, कारण माळ ठेवून द्यायचीही भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत. त्या भीतीत नुसती भीती नाही, थोडी माया पण आहे. सात-आठ महिने रोज भेटलेल्या माणसाची होते तशी. संकल्प मोडल्याची टोचणी जात नसेल तर तो रीतसर बदला. जसा सोडला तसाच: देवासमोर बसा, तळहातावर पाणी घ्या आणि म्हणा, 'वेचणी संपेपर्यंत एक माळ. पुढचं संक्रांतीनंतर बघू.' ताम्हणात पाणी सोडा. त्यासाठी कोणाला बोलवावं लागत नाही, दक्षिणा लागत नाही. एक माळ म्हणजे साडेपाच मिनिटं. ती झोपायच्या आधी नको, तेव्हा तुम्ही संपलेल्या असता. सकाळचा चहा चुलीवर ठेवल्यावर घ्या. उकळी येईपर्यंत होते. अंगठ्याला रात्री खोबरेल लावून झोपा, दोरा कमी अडकेल.

एकटीने बसवत नसेल तर गावात राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना होते का बघा. तुकडोजी महाराज यावलीचे, मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभा केला, आणि गावाने संध्याकाळी एकत्र बसून प्रार्थना करावी हा प्रघात त्यांनी आपल्याकडे पाडला. कितीतरी गावांत तो अजून चालू आहे. तिथे कोणी आकडा विचारत नाही. गेलात तर गेलात, नाही गेलात तर दुसऱ्या दिवशी एखादी म्हातारी विचारेल, 'काल काहून नाही आली वं?' बस.

मी दहाएक वर्षांची असताना आजोळच्या सप्ताहात माझ्या मामाचा रात्री दोन ते चारचा पहारा होता. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते, हातातून हातात जाते. मामा दिवसभर वखरणी करून आलेला. मी देवळाच्या खांबाला टेकून बघत होते. तीनच्या सुमाराला मामाचे डोळे मिटले, उभ्याउभ्याच, आणि ओठ थांबले. वीणा हळूहळू तिरकी व्हायला लागली. आता पडते, आता पडते, असं मला झालं. पडली तर गावावर काय संकट येईल, याच्या गोष्टी मी आजीकडून ऐकलेल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यात घोंगडीवर पडलेले एक म्हातारेबुवा उठले, मामाच्या गळ्यातली वीणा अलगद काढून आपल्या गळ्यात घातली आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे 'राम कृष्ण हरि' सुरू केलं. मामा दचकून जागा झाला, पायाच पडायला गेला. बुवा म्हणाले, 'जा, तोंड धू. चहा मांडला आहे मागे.' सकाळी त्यावर कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी मामाला पहारा संध्याकाळचा दिला, एवढंच.

एक गोष्ट मला काळजीची वाटते, ती शेवटाला मुद्दाम ठेवली नाही, बोलता बोलता राहून गेली. तुम्ही तीनला उठता आणि अकराला झोपता, वावरात दोनदा चक्कर आली असं लिहिलंय. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. आपल्याकडच्या बायांत रक्त कमी असणं फार सर्रास आहे आणि त्याने जीव घाबरा होतो, मन खचतं. आणि माळ कमी करूनही पुन्हा पुन्हा तेच करावंसं वाटणं, झोप न लागणं, माझ्यामुळेच सगळं बिघडलं असं वाटत राहणं थांबलं नाही, तर त्याला मनाचा डॉक्टर असतो. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. तिथे बोलणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी होणं नाही. पाय मुरगळला तर आपण रामनाम घेत घेतच दवाखान्यात जातो.

राहिली वही. जाळू नका, नदीत सोडू नका, त्याचा आणखी एक विधी होईल. 412 लिहिलेलं पान फाडून चुलीला लावा, चहाला तेवढीच मदत. उरलेली पानं कोरी असतील तर त्यावर उद्यापासून वेचणीचे किलो लिहा, रोजचे, तारखेसकट, कोणाच्या वावरात किती ते. दुसऱ्यांच्या वावरातली मजुरी बऱ्याचदा आठवड्याने मिळते आणि तोंडी हिशेबात दोन-चार किलो नेहमी आपल्याच अंगावर येतात. ती बाकी कोणाकडे किती आहे, हे मात्र नीट लिहून ठेवा.